एकतिसावी डीव्हीडी

दुपारी चारची बस होती, आणि अडीच वाजता बाबांना पार्सल उघडायला कात्री हवी झाली.

ठिणगीनं (घरात तिला याच नावानं हाक मारत) कपडे भरता भरता कात्री दिली. उद्या सकाळी दुसऱ्या शहरात तिला कामावर रुजू व्हायचं होतं. वर्षभर अर्ज करून मिळालेली पहिली नोकरी.

पार्सलमधून पुठ्ठ्याचा डबा निघाला. पन्नास डीव्हीडी, दोनशे चित्रपट. सगळे इतके जुने, की त्यांच्यावर कुणाचा हक्कच उरला नव्हता. कुणीही छापावेत, कुणीही विकावेत.

"किलोवर घेतलेत का?"

"हस तू. तू गेल्यावर माझ्या पन्नास दिवसांचा प्रश्न सुटला. रोज एक, क्रमानं."

"आणि मधलीच एखादी खराब निघाली तर?"

"तर पुन्हा पहिलीपासून. अर्धवट काही बघायचं नाही."

"तुमचे नियम म्हणजे ना!"

"बरं, दहा मिनिटं तरी बस. पहिली बघून जा."

ती घड्याळाकडे बघत बसली. टीव्हीच्या पडद्यावर घोडे उधळले, पण चित्र थरथरत होतं. कुणीतरी भिंतीवर चित्रपट लावून तो समोरून कॅमेऱ्यानं टिपला होता. त्या खोलीतले आवाजही त्यात आले होते. खुर्ची करकरली. कुणीतरी खोकलं. दोनदा कोरडं, मग घसा खाकरणं.

"बाबा, फसवलं तुम्हाला. प्रेक्षकांसकट विकलंय!"

बाबांना ऐकायला कमी येई. ते नुसतेच हसले. खोकला पुन्हा आला, आणि तिनं चमकून बाबांकडे पाहिलं. त्यांचं तोंड मिटलेलं होतं. खोकला मात्र त्यांचाच होता.

मग घोड्यांच्या टापांखालून, हळूच, एका मुलीचा आवाज आला. "बाबा, गोळी घेतलीत?"

तिचा आवाज.

"ऐकलंत?" तिनं बाबांचा हात धरला.

"हो, चांगले दहा-बारा घोडे आहेत."

चित्रपट संपवून बाबा आत जाऊन लवंडले, तेव्हा चार वाजून गेले होते. तिनं दहावी डीव्हीडी लावली. तीच खोली, खोकला जड झालेला. विसावीत तिचा स्वतःचा आवाज थकलेला. एकतिसावीत बराच वेळ नुसती घरघर. मग तिचीच किंकाळी. "बाबा… बाबा, उठा ना…" त्यानंतर नुसता चित्रपट. बत्तिसावीत एकच खुर्ची करकरत होती, एकच श्वास चालला होता. शेवटी कुणीतरी खोकलं. दोनदा कोरडं, मग घसा खाकरणं. तो खोकला तिचा होता.

तिनं एकतिसावी गुडघ्यावर मोडली आणि तुकडे कचऱ्यात टाकले. बस तोवर सुटली होती.

तिसाव्या दिवसानंतर बाबांनी डबा चाळला. "एकतिसावी कुठाय गं?"

"आलीच नाही वाटतं."

"मग काय… पहिलीपासून."

ज्या नियमांवरून ती आयुष्यभर भांडली, त्यातल्याच एकाला आता जीव मुठीत धरून लटकली होती. बाबा एकतिसावीपर्यंत पोचत नाहीत, तोवर बाबा आहेत. पण त्यांना एकटं सोडून जावं, तर त्यांनी उद्या क्रम मोडला तर? बत्तिसावी लावली तर? ऑफिसनं आठवडाभर वाट पाहून केव्हाच दुसऱ्या कुणाला तरी घेतलं होतं. तिनं बाहेर जाणं सोडलं. सामान दाराशी येई. हल्ली ती "गोळी घेतलीत?" विचारी आणि पडद्यातून तेच येई, कधी आधी पडद्यातून येई, मग तिच्या तोंडून. आधी कोण बोललं, हे तिला कळेनासं झालं.

तिसरी फेरी संपली, त्या दुपारी ती भात लावून बाहेर आली, तर बाबांच्या हातात एक डीव्हीडी. तिच्यावर आकडाच नव्हता.

"ही कुठून आली?"

"डब्यातच होती की."

"नको, बाबा, थांबा—"

त्यांनी बटण दाबलं होतं. ती तशीच शेजारच्या खुर्चीत बसली.

तीच खोली. तिचा आवाज, पण ताजा, घाईतला. "येते हं बाबा. जपून राहा." कडी सरकली. चपला जिना उतरत गेल्या, टप टप टप, खालपर्यंत. मग नुसते बाबा. एक चित्रपट संपला, दुसरा लागला. बाबा खुदकन हसले. खोकले, पण हलकंच. चारही चित्रपट संपले तरी ते होते. छान होते.

म्हणजे ती गेली असती, तर…

तिनं मागे वळून पाहिलं. दाराची कडी काढलेली होती. उंबऱ्याशी तिच्या चपला नव्हत्या.

"बाबा…" ती म्हणाली. "बाबा, इकडे बघा ना…"

बाबांनी टीव्ही बंद केला. तिच्या आरपार, खिडकीतून बसच्या रस्त्याकडे पाहिलं.

"एकट्यानं बघण्यात काही मजा नाही," ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी हात लांबवला आणि ती बसली होती त्या खुर्चीवर, अगदी मधोमध, डबा ठेवून दिला.