बारा शर्ट आणि एक डावा हात

"तंद्री, तू शर्ट निवडतेयस की त्यांच्याशी मैत्री करतेयस?" भिंगरीने तिसऱ्यांदा विचारलं.

कोऱ्या शर्टांच्या दुकानात तंद्री खिडकीपाशी उभी होती आणि एक पांढरा टी-शर्ट उजेडात धरून त्यातून पलीकडे बघत होती. कापडातून ऊन गाळून येत होतं. आपण दुधाच्या भांड्यात बसलोय आणि बाहेर सकाळ झालीय, असं काहीतरी तिला वाटत होतं.

तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच उरलं होतं. चालता चालता थांबायचं, जेवताना घास हातात धरून बसायचं, एकदा तर एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात बूट घालून शाळेत जायचं, असे पराक्रम केल्यावर दुसरं काय नाव पडणार? तिची आतेबहीण एका जागी दोन मिनिटं ठरायची नाही, म्हणून ती भिंगरी. आणि शेजारचा उंच मुलगा खिशात कायम पट्टी ठेवून दिसेल ते मोजत सुटायचा, म्हणून तो फूटपट्टी. सुट्टी लागली की हे त्रिकूट आत्याच्या घरी पडीक असायचं.

आत्या घरामागच्या पडवीत टी-शर्ट रंगवायची आणि त्यांवर छपाई करायची. या खेपेचे बारा शर्ट मुलांच्याच पोहण्याच्या गटाचे होते. रविवारी बाराही जणं तलाव पोहून पार करणार होती आणि पलीकडच्या काठावर अंग पुसून हे शर्ट घालणार होती. शर्ट निवडायचं काम आत्याने तंद्रीवर टाकलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या भुवया वर गेल्या. आत्या मात्र म्हणाली, "हे बारा नीट आले, तर यापुढे कोरे शर्ट निवडायचं काम तुझंच." तंद्रीवर आजवर कुणी दुधाची पिशवी आणायचं कामही सोपवलं नव्हतं. आत्याचं ते वाक्य चार दिवस ती मनातल्या मनात घोळवत होती.

दुकानात तीन ढीग होते. पहिला अगदी स्वस्त, पण त्यातल्या शर्टाचा गळा ताणला की तसाच आ वासून राहायचा. तिसरा जाडजूड आणि देखणा, पण त्यातले बारा घेतले तर गटाचे सगळे पैसे तिथेच संपले असते आणि छपाई राहिली असती. मधल्या ढिगातल्या शर्टांना ना नावाची चिठ्ठी होती, ना चकचकीत पिशवी, म्हणूनच बहुतेक ते परवडण्यासारखे होते. फूटपट्टीने बगलेपासून खालपर्यंत शिवण मोजली आणि ती सरळ उतरतेय, कुठेही फिरलेली नाही, असा निकाल दिला. तंद्रीने गळा ताणून सोडला. तो शहाण्या बाळासारखा जागेवर आला. मग तिने शर्ट मुठीत चुरगाळला, झटकला आणि गालाला लावला.

"आता चावून पण बघ," भिंगरी म्हणाली.

"हेच घेऊ," तंद्री म्हणाली.

दुकानाच्या मागेच त्यांचं शिवणघर होतं. तिथल्या मुकादमाने मधल्या ढिगातल्या शर्टांचं, एक डझनाचं बांधलेलं पुडकं आणून दिलं. ते छातीशी धरून तंद्री घरी आली, आणि नवल म्हणजे वाटेत कुठेही थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याने शर्ट पाण्यात भिजवले, पिळले आणि निळ्या रंगाच्या मोठ्या पातेल्यात सोडले. तिघांनी आळीपाळीने लाकडी दांड्याने ढवळलं. फूटपट्टी मिनिटं मोजत होता, भिंगरी कोपरापर्यंत निळी झाली होती. मग शर्ट दोन दोऱ्यांवर वाळत घातले आणि सगळे आत जेवायला गेले.

तंद्री तेवढी मागे राहिली. दोऱ्यांखाली उताणी पडून ती वर बघत बसली. वारा मंद होता. बारा निळे शर्ट फुगायचे, विसावायचे, पुन्हा फुगायचे, आणि त्यांच्या सावल्या तिच्या तोंडावरून ये-जा करायच्या. आपण आधीच तलावाच्या मध्यावर पोहोचलोय, असं तिला वाटायला लागलं. शर्ट वाळत गेले तसा निळा रंग हलका होत गेला. आणि मग पहिल्या शर्टाच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, एक पांढुरका पंजा दिसला.

आधी तिला वाटलं, ही आपलीच तंद्री. तिने डोळे चोळले. पंजा तिथेच होता. पाच बोटं, तळहात, सगळं स्पष्ट. शेजारच्या शर्टावर दुसरा. त्याच्या शेजारी तिसरा. बाराही शर्टांच्या पाठीवर कुणीतरी हात ठेवून गेलं होतं.

तिच्या हाकेने सगळे धावत आले. भिंगरी चक्क दोन मिनिटं एका जागी उभी राहिली. आत्याने एकेक शर्ट उलटसुलट करून पाहिला, अंगठ्याने चोळून पाहिला. तिथे रंग धरलाच नव्हता. आत्या रागावली असती तर बरं झालं असतं. पण तिने नुसता सुस्कारा टाकला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "असू दे. पुढच्या वेळी मीच येईन बरोबर."

म्हणजे संपलंच. यापुढे तंद्रीचं काम पुडकं उचलण्याचं, निवडण्याचं नाही.

दुपारभर ती दोऱ्यांपाशी बसून राहिली. मग उठली आणि एकेक चिमटा काढून शर्टांच्या जागा बदलायला लागली. भिंगरीने विचारलं, हा काय नवा खेळ? तंद्रीने बोट दाखवलं. एका टोकाला सगळ्यात ठसठशीत पंजा होता, त्याच्या पुढचा थोडा पुसट, त्याच्या पुढचा आणखी पुसट. बाराव्यावर तर फक्त बोटांची टोकं उरली होती.

"हात लांब लांब चाललाय," ती म्हणाली.

फूटपट्टीने लगेच पट्टी काढली. सगळे पंजे एकाच मापाचे निघाले, सगळे डावे, आणि सगळ्यांची करंगळी थोडी बाहेर वाकलेली. म्हणजे माणूस एकच. त्याच्या हाताला काहीतरी लागलं होतं आणि एकेका शर्टाला पुसलं जात ते संपत गेलं होतं. पण सगळ्यांच्या पाठीवर, नेमकं एकाच जागी का? भिंगरीने विचार करता करता एक शर्ट जमिनीवर पालथा टाकला आणि सवयीने घडी घालायला गेली. उजव्या हाताने बाही दुमडताना तिचा डावा हात शर्ट दाबून धरायला टेकला, बरोब्बर त्या पंजावर.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग शर्ट पिशवीत कोंबून तिघंही शिवणघराकडे पळत सुटली.

शिवणघर म्हणजे एक लांब खोली. दोन्ही बाजूंना मशिनींच्या रांगा, वर पंखे, आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात कापसाचे बारीक तंतू तरंगत होते. मशिनींचा आवाज पाण्यासारखा सारखा वाहत होता. तंद्री दारातच रेंगाळली, तिला भिंगरीने ओढून आत नेलं.

मुकादमाने शर्ट पाहिले आणि लगेच मान डोलावली. ही वाकडी करंगळी तो ओळखत होता. त्याने कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट केलं. तिथे पिकल्या केसांच्या, किडकिडीत अशा काकू शर्टांच्या घड्या घालत होत्या. सगळे त्यांना घडीवाल्या काकूच म्हणायचे. मुकादमाने त्यांना डावा हात पुढे करायला सांगितला. तोच हात होता.

"तेलकट हाताने घड्या घालता काय?" मुकादम म्हणाला.

"मी हाताला तेल लावत नाही," काकू म्हणाल्या. "रोज साबणाने हात धुऊन कामाला बसते. एकवीस वर्षं झाली."

पण ऐकतो कोण! या मुलांना नवं डझन मिळेल आणि काकूंनी उद्यापासून यायची गरज नाही, असं मुकादमाने जाहीर करून टाकलं. भिंगरीने तंद्रीला कोपराने ढोसलं. काम फत्ते! शर्ट चांगलेच होते, निवड बरोबर होती, आता आत्याला सांगायला पळायचं. फूटपट्टी तर दाराकडे वळलासुद्धा.

तंद्री हलली नाही. दुपारभर तिने त्या हाताकडे बघितलं होतं. तो इथे, एका बाईच्या अंगाला जोडलेला असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. आत्याचं वाक्य परत मिळणार होतं, पण ते असं घ्यावंसं तिला वाटेना.

"काकू, एक डझन बांधून दाखवता?" तिने विचारलं. "मला नुसतं बघायचंय."

मुकादम कुरकुरला, पण गिऱ्हाइकापुढे फार बोलता येईना. काकूंनी हात धुतले, पुसले. टेबलाचा डावीकडचा खण उघडला, बांधायचा कागद काढला आणि खण डाव्या तळहाताने ढकलून बंद केला. मग एकेक शर्ट पालथा टाकून, डाव्या हाताने दाबून, उजव्याने दुमडून बारा घड्या घातल्या. तंद्री बघत राहिली. इतका वेळ एकाच गोष्टीकडे बघत बसायला या जगात तिच्याइतकं कुणाला जमत नसेल! बारा घड्या झाल्या, पुडकं बांधून झालं. काकू पुढच्या कागदासाठी खणाकडे वळल्या.

आणि तंद्री जागी झाली. डझनाला एकदाच काकू शर्ट सोडून दुसऱ्या कशाला तरी हात लावत होत्या, आणि ते म्हणजे हा खण. तिने खणाच्या लाकडावर बोट फिरवलं. बोट सुळकन घसरलं. तिने आपल्या बाटलीतलं थोडं पाणी त्यावर टाकलं. ते मण्यांसारखं घरंगळून खाली पडलं.

खण आधी फार अडायचा, काकूंनी सांगितलं. पंधरा दिवसांपासून मुकादम रोज सकाळी त्यावर मशिनींचा तेलकट फवारा मारतात, म्हणून आता सरकतो. तो फवारा मशिनींच्या सुया आणि कापड सरकतं त्या पट्ट्या घसरत्या ठेवायला असतो. आता भिंगरीला कुठला धीर! फवारा खणावरून काकूंच्या हाताला आणि हातावरून शर्टांना लागतो, असं सगळं तिने भडाभडा मुकादमाला ऐकवलं. तो खो खो हसला आणि म्हणाला की असल्या गोष्टी पुस्तकात छान वाटतात.

"पण काका, तुमच्या हाताला तेल नाही ना?" तंद्रीने विचारलं.

"माझ्या हाताला? मुळीच नाही."

"मग तुम्हीच एक पुडकं बांधायला घ्या. घडी खरी कशी घालायची ते आम्हालाही कळेल."

आता मशिनी एकेक करून थांबल्या होत्या. सगळ्या बायका बघत होत्या. मुकादमाने बाह्या वर केल्या, सगळ्यांना दिसेल असे खसाखसा हात धुतले, खण उघडला, कागद काढला, खण तळहाताने बंद केला आणि ऐटीत एक राखाडी शर्ट घेऊन घडी घातली. घडी खरंच झकास होती. तंद्रीने ती अलगद उलगडली, शर्ट पालथा पसरला आणि इस्त्रीवालीची पाणी मारायची बाटली मागून घेतली.

पाण्याचा धुरळा शर्टावर बसला. राखाडी कापड भिजून काळपट होत गेलं. फक्त दोन खांद्यांच्या मधोमध एक मोठा, जाड बोटांचा पंजा कोरडा राहिला.

मुकादमाने आपल्या हाताकडे बघितलं, मग शर्टाकडे, मग पुन्हा हाताकडे.

"चूक माझी आहे," तो शेवटी म्हणाला. हे मात्र त्याने सरळ सांगितलं, त्याला मानायला हवं.

मशिनी थांबल्या म्हणून वरून मालकीणबाई उतरल्या होत्या आणि जिन्यातून सगळं बघत होत्या. बहुतेक गिऱ्हाइकं शर्ट रंगवत नाहीत, नुसती छातीवर छपाई करतात, म्हणून पाठीवरचे हे हात इतके दिवस कुणाला दिसलेच नव्हते, हे त्यांच्या झटकन लक्षात आलं. घडीवाल्या काकू उद्याही येतील आणि परवाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मुकादमाने खण साबणाने घासायचा आणि पंधरा दिवसांतलं प्रत्येक पुडकं पाणी मारून तपासायचं. मग त्या तंद्रीकडे वळल्या. आमच्या डोळ्यांदेखत चाललेलं आम्हाला दिसलं नाही, ते तुला दिसलं, असं म्हणून त्यांनी नव्या डझनाचं पुडकं तिच्यापुढे धरलं.

तंद्रीने पिशवीतल्या निळ्या शर्टांकडे बघितलं. "नको," ती म्हणाली. "आम्हाला हेच हवेत."

रविवारी सकाळी तलावावर पातळ धुकं होतं. बारा मुलं एका काठावरून पाण्यात शिरली. मध्यावर पोहोचल्यावर तंद्रीने एकदाच पाठीवर वळून आकाश पाहिलं आणि भिंगरीच्या ओरडण्याची वाट न बघता पुन्हा हात मारायला लागली. पलीकडच्या काठावर आत्या शर्ट घेऊन उभी होती. छातीवर तिने लाटेची एक पांढरी रेघ छापली होती, पाठी मात्र तशाच ठेवल्या होत्या. तिच्या शेजारी घडीवाल्या काकू होत्या.

तंद्रीने कुडकुडत शर्ट चढवला. तिला सगळ्यात ठसठशीत पंजाचा शर्ट आला होता. काकू तिच्या मागे आल्या आणि त्यांनी आपला डावा हात त्या पंजावर ठेवला. तो तंतोतंत बसला, वाकड्या करंगळीसकट. हात उबदार होता, आणि तंद्रीला एकदम रडू आलं. पण केसांतून पाणी गळतच होतं, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

आत्याने तिचे केस पुसायला घेतले. टॉवेलच्या आतून तंद्रीला तिचा आवाज ऐकू आला.

"उद्या साठ कोरे शर्ट आणायचेत. चांगले, पण परवडतील असे."

"तू येणार ना बरोबर?" तंद्रीने विचारलं.

"नाही," आत्या म्हणाली. "तू निवड. मी घरी रंग तयार ठेवते."

तंद्री "बरं" म्हणाली आणि चपला घालून निघाली. त्यातली एक फूटपट्टीची होती, पण ते तिच्या घरी पोहोचेपर्यंत लक्षात आलं नाही.