पहिली धून काकांची

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, घटाची पूजा आटोपून, कुमुद मितेशच्या दुकानात गाणी निवडायला निघाली. अनुयाच्या रिसेप्शनला आठच दिवस उरले होते. लॉन ठरलं होतं, जेवण ठरलं होतं, फुलं ठरली होती. राहिली होती ती फक्त गाणी, आणि नेमकी तीच तिच्या जिवाला लागून राहिली होती.

"उपास आहे, उन्हातून चालत जाऊ नकोस," तिचा नवरा कृष्णकांत वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला. "आणि त्या डीजेला आरत्या लावायला सांगू नकोस म्हणजे झालं."

अनुयाने शेजारून वहीवर लिहून आईसमोर धरलं : 'आई, माझा आवाज गेलाय, नशीब नाही. जे आवडेल ते निवड.'

हेच तर. अनुयाचा आवाज गेला होता. पंधरा दिवसांपूर्वी घसा बसल्याचं निमित्त झालं, आणि मग आवाज जो गेला तो आलाच नाही. डॉक्टर म्हणाले, सूज आहे, मौन पाळा. गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. लग्न चार दिवसांवर होतं, त्यानंतर तीन दिवसांनी रिसेप्शन, आणि नवरी वहीवर लिहून बोलत होती. होणारा जावई राजस मोठा गुणी. तो म्हणाला, "आई, मला तर बरंच आहे, भांडण लेखी होईल." सगळे हसले. कुमुदही हसली, पण रात्री तिला झोप लागली नाही. कारण मुलीचं हे मुकेपण तिने आधी एकदा पाहिलं होतं.

तेव्हा ती मंडळी जुन्या पनवेलमध्ये राहत. अनुया पाच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. कुमुदने सोळा सोमवार केले, बल्लाळेश्वराला साकडं घातलं. शेजारी इसाजीकाका राहायचे. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, तार ऑफिसातून निवृत्त झालेले, हातात सदा व्हायोलिन. त्यांनी आपणहून एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस बोलला. पोहे, ओलं खोबरं, साखर आणि पाच फळं. "तुमचा देव नि आमचा नबी, दोघांना कामाला लावू या, कुमुदताई," ते म्हणायचे. "एकाला सुट्टी असली तरी दुसरा असेल."

रोज संध्याकाळी सात वाजता काका ओसरीवर बसून एक संथ धून वाजवायचे. तिला नाव नव्हतं. अनुया त्यांच्या पायरीवर बसून ऐकायची. आणि एका संध्याकाळी धून संपली, गज खाली आला, आणि पोर स्पष्ट म्हणाली, "काका... अजून."

तो तिचा पहिला शब्द. कुमुद हातातलं ताट तिथेच टाकून धावत आली होती. काकांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, "हिच्या लग्नात पहिली धून माझी. त्याआधी कुणी काही वाजवायचं नाही."

"वाजवा की, काका. आणि बिदागी काय घ्याल?" कुमुदने आनंदाच्या भरात विचारलं होतं.

"मला काय करायचंय? हिचा तो 'अजून' द्या मला. तेवढा पुरे."

"दिला!" कुमुद हसत म्हणाली होती. त्याच रात्री तिने देवापुढे हात जोडून शब्द दिला, की लग्नाच्या समारंभात पहिलं वाजेल ते काकांचं व्हायोलिन.

पुढे काकांची बायको, तमारकाकू, गेली. काका नातीकडे, निरीतकडे, इस्रायलला निघून गेले. करोनाच्या साथीत तिकडेच वारले. कुमुदची मंडळी नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये आली. जुन्या घराला कुलूप लागलं. आणि देवापुढचा शब्द तसाच राहिला.

मितेशचं दुकान स्पीकरच्या खोक्यांनी भरलेलं होतं. त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "काकू, हे बघा. कपल एंट्रीला हे, धूर सोडायचा. मग केक. मग मामा लोकांसाठी हे, मामा लोक नाचले नाहीत तर पैसे परत."

"एंट्रीला व्हायोलिन मिळेल का रे? कुणी वाजवणारा?"

"व्हायोलिन?" मितेशने डोकं खाजवलं. "रडकं होतं हो काकू ते. आणि सीझनमध्ये वाजवणारा मिळणार कुठून? रेकॉर्डिंग लावतो, कुठलंही सांगा."

रेकॉर्डिंग तर नव्हतंच. कुमुदने निरीतला फोन करून विचारलं होतं. "आज्याने कधी रेकॉर्ड करू दिलं नाही, मावशी," ती म्हणाली होती. "आणि व्हायोलिन त्याने इकडे आणलंच नाही. म्हणाला, तिकडे एक काम राहिलंय, ते तिकडेच असू दे."

कुमुद यादीवर सही करून बाहेर पडली. ऊन कलतं झालं होतं. पिशवीत पत्रिका होत्या, कुंकवाची डबी होती, अक्षता होत्या. जुन्या गल्लीतली चार घरं आमंत्रणाची राहिली होती. तीन झाली. आणि चौथ्याला निघताना पाय आपोआप इसाजीकाकांच्या दारापाशी थांबले.

दार बंद. कुलपाला गंज चढलेला. ओसरीवर पाचोळा.

घराला कुलूप असलं, तर उंबऱ्यावर अक्षत ठेवून यायचं. आमंत्रण पोचलं असं धरायचं. कुमुदच्या सासूबाईंनी तिला शिकवलेली ही रीत. तिने उंबऱ्यावर कुंकवाचं बोट लावलं, अक्षता ठेवल्या, पत्रिका दाराच्या फटीत सरकवली. आणि गेले आठ दिवस घरोघरी म्हटलेलं वाक्य तोंडातून सवयीने बाहेर पडलं.

"काका, येत्या गुरुवारी नेऱ्याला रिसेप्शन आहे. सहकुटुंब सहपरिवार यायचं हं. आणि... वाजवायला या. पोरीचा आवाज तुमच्याच हातात आहे."

म्हटलं, आणि मग तिच्या अंगावर सरसरून काटा आला. आपण कुणाला बोलावलं? तेही सहकुटुंब?

आतून एक तार छेडल्यासारखा आवाज आला. एकच. हळू. आणि फटीतून राळेचा वास आला... काका गजाला लावायचे ती राळ. बंद घरात, इतक्या वर्षांनी.

"उंदीर असेल," कुमुद मोठ्याने म्हणाली आणि भराभर पायऱ्या उतरली. कोपऱ्यावर येऊन तिने एकदा मागे पाहिलं. दाराच्या फटीत पत्रिका दिसत नव्हती.

लग्न नीट पार पडलं. देवापुढच्या शब्दासाठी कुमुदने वाजंत्री ठेवली नव्हती; नुसती मंगलाष्टकं झाली, अनुयाने नाव घेतलं ते वहीवर लिहून, आणि बायकांनी ते वाचून टाळ्या वाजवल्या. सासर विचुंब्याचं; तिथल्या बायकांनी तिला जिवापाड सांभाळलं. आवाज मात्र नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी नेऱ्याच्या त्या लॉनवर दिवे लागले. मागे डोंगराची काळी रेघ, गवतावर दव, चुलींचा धूर. पुढच्या सोफ्यांवर पाहुणे बसले होते. मागे खुर्च्यांच्या रांगा होत्या, पांढऱ्या कापडाचं आवरण चढवलेल्या. शेवटच्या रांगेकडे कुमुदचं लक्ष पुनःपुन्हा जात होतं. ती रांग पूर्ण रिकामी होती. लोक जागा शोधत तिथवर यायचे, थबकायचे, आणि काही न बोलता दुसरीकडे वळायचे.

"तिकडे बसा ना," तिने एका वहिनींना म्हटलं.

"नको गं, तिथे कुणाच्या तरी जागा धरलेल्या आहेत," त्या म्हणाल्या. कुणाच्या, ते त्यांना सांगता येईना.

सात वाजायला आले. अनुया आणि राजस प्रवेशद्वाराशी उभे राहिले. मितेशने हात वर करून खूण केली, बटण दाबलं.

काहीच वाजलं नाही.

मितेशने पुन्हा दाबलं. वायर बघितली. कपाळावरचा घाम पुसला. सगळं लॉन गप्प झालं, आणि त्या शांततेत... कुठूनतरी, अगदी बारीक, गज तारेवर टेकला.

ती धून. नाव नसलेली, संथ. आधी मागून आल्यासारखी, मग वरून, मग कानाशीच. राळेचा वास असा दाटून आला, की मसालेभाताचा वास त्यात बुडाला. कुमुदने देवाचं नाव घेतलं, पण भीतीने नाही. तिचे हात आपोआप जुळले.

मितेश हळूच तिच्याजवळ आला. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. "काकू... मी काही लावलं नाही हो. स्पीकरला लाइटच नाहीये."

"मला माहीत आहे," कुमुद पुटपुटली. "वाजू दे."

पाहुण्यांना वाटलं, काहीतरी नवीन कल्पना आहे. अनुया मधल्या गालिच्यावरून चालत आली ती थबकली. तिने मान वाकडी केली, लहानपणी पायरीवर बसून करायची तश्शी. धून संपली. गज खाली आला. आणि अनुयाच्या तोंडून फुटलं, "काका!"

मोठ्याने. खणखणीत. ती पुढे काहीतरी म्हणायला गेली, ओठ हलले, आणि थांबले. मग ती आईच्या गळ्यात पडून रडत, हसत, एका दमात बोलू लागली. "आई, आवाज आला! आई, बघ ना! राजस, ऐकतोयस का?"

"ऐकतोय. लेखी भांडणाचा बेत गेला," राजस डोळे पुसत म्हणाला.

टाळ्या सुरू झाल्या. पण पहिल्या टाळ्या पुढून आल्या नाहीत. त्या मागून आल्या, शेवटच्या रांगेतून. शांत, जुन्या माणसांच्या, एका तालातल्या. कुमुदने वळून पाहिलं. खुर्च्या रिकाम्याच होत्या. फक्त आवरणांवर बसल्याच्या चुण्या पडल्या होत्या. रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकूण एक खुर्चीवर.

तेवढ्यात स्पीकर खरखरले, मितेशचं गाणं दणक्यात सुरू झालं, आणि मामा मंडळी नाचायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा करताना कुमुदच्या लक्षात आलं. मितेशला नारळ दिला, आचाऱ्याला दिला, फुलवाल्यालाही दिला. ज्यांनी पहिली धून वाजवली, त्यांना निरोपाचा नारळ दिलाच नाही. बोलावलेल्याला निरोप द्यायला हवा. देवसुद्धा आवाहन केल्यावर विसर्जनाची वाट पाहतात.

ती नारळ, पान, सुपारी घेऊन जुन्या गल्लीत गेली. कुलूप तसंच गंजलेलं. पण उंबऱ्यावर एक स्टीलचं ताट होतं. त्यात मलिदा. पोहे मऊ, खोबरं नुकतंच खवलेलं, ओलं. पाच फळं. नवसाचा मलिदा. काकांचाही नवस बाकी होता तर.

कुमुदचे डोळे भरले. तिने ताटाला नमस्कार केला, नारळ ठेवला. "काका, पोचलं सगळं. मंडळींनाही सांगा. आता सुखरूप जा."

आत कुणीतरी तारा जुळवत होतं. हळू, सावकाश. आणि मग एक आवाज आला. लहान पोरीचा.

"काका... अजून."

कुमुदचे पाय तिथेच खिळले. हा आवाज तिने कुठेही ओळखला असता. एका संध्याकाळी याच आवाजासाठी तिने हातातलं ताट टाकलं होतं. तिने अनुयाला फोन लावला.

"आई! अगं मी विचुंब्यालाच आहे, चहा टाकलाय," पलीकडून अनुया भरभरून बोलत होती. "आवाज बघ कसा झालाय! सासूबाई म्हणतात, रेडिओ आणलाय घरात."

कुमुदने फोन छातीशी धरला. दारामागून आता काहीच ऐकू येत नव्हतं. तिने मलिद्याचं ताट पदराखाली घेतलं आणि घरी आली. देवापुढे ठेवलं, सगळ्यांना प्रसाद म्हणून वाटलं. कुठून आला, ते कुणी विचारलं नाही.

पाचपरतावनाला, लग्नानंतर माहेरी परतायच्या रितीप्रमाणे, लेक-जावई जेवायला आले. घर पुन्हा भरलं. अनुया स्वयंपाकघरात आल्यापासून बोलत होती, गात होती, बाबांची नक्कल करत होती. कृष्णकांत खोटं खोटं रागावून म्हणाला, "तीन आठवडे किती शांत होतो मी." कुमुदने गरम पुरणपोळी तिच्या पानात वाढली, तूप सोडलं, आणि नेहमीसारखं विचारलं, "अजून?"

अनुयाने मान वर केली. ओठ हलले. आवाज निघाला नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला, मग स्वतःशीच हसली.

"आणखी एक दे, आई. गंमत बघ ना, तेवढा एक शब्द येतच नाही. बाकी सगळं येतं. राजसनं कितीदा म्हणून घेतला, जिभेवर येतो नि जातो." ती पोळीचा घास घेत म्हणाली, "जाऊ दे. एका शब्दावाचून काय अडतंय?"

कुमुदला स्वतःचा आवाज आठवला. तरुण, आनंदाने चढलेला. 'दिला!'

भिंतीवरचं घड्याळ सातचे ठोके देत होतं. तिने पुरणपोळी वाढली. एक नाही, दोन वाढल्या. लेकीला मागायची वेळच येऊ नये म्हणून.