बेचाळीस नावांची वही

"वही वाळवीनं खाल्ली म्हनत्यात," म्हातारा म्हणाला. "म्या म्हंतो, माणसानं खाल्ली."

मानसिंगने त्याला बाकावर बसवलं. अडुसष्ट सालचा श्रावण चालू होता. भोरात पिठाच्या गिरणीच्या माडीवर मानसिंगची खोली. फौजदाराला तोंडावर चोर म्हटलं म्हणून त्याची हवालदारी गेली, तेव्हापासून तो खासगी तपास करायचा. जोडीला कुंडलिक, टंकलेखक. मनाने सोनं, डोक्याने सावकाश.

म्हाताऱ्याचं नाव भिमा, राहणार पाली. चाळिशीत अक्षरं शिकला आणि पुढची बावीस वर्षं एकच वही लिहीत राहिला. माणसं जनावरांशी काय बोलतात, ते. कुत्र्याला यू-यू, पाणी पिणाऱ्या बैलाला शीळ. टिटवीने अंडी उंचावर घातली तर पाऊस मोठा, असं कोण म्हणतं. प्रत्येक गोष्टीपुढे सांगणाऱ्याचं नाव आणि गाव. धनगर, कातकरी, बौद्धवाड्यातल्या म्हाताऱ्या. एकूण बेचाळीस माणसं.

"त्यातली हयात किती?" मानसिंगने विचारलं.

"चार. बाकीच्यांचं नाव त्या वहीतच व्हतं. सातबाऱ्यावर न्हाई, दगडावर न्हाई, कुठंच न्हाई."

"मग परत लिहा की, बाबा," कुंडलिक म्हणाला.

"तू मला दिसतुस का, ते इचार आधी."

कुंडलिकने वाकून पाहिलं. दोन्ही बुबुळांवर दाट पांढरी साय आली होती. 

छापून घेतो म्हणून भोरच्या वाचनालयाच्या चिटणिसाने वही ठेवून घेतली होती. उद्या पुण्याहून छापखान्याचा माणूस येणार होता.

वाचनालयात शहाबादी फरशी, भिंतीला लाकडी कपाट. वहीची जागा वरून दुसऱ्या फळीवर. तिथे लालसर मातीचा थर, त्यात वहीचा पुठ्ठा आणि मूठभर कपटे. शेजारची पुस्तकं धड होती. खालच्या तिन्ही फळ्या स्वच्छ होत्या.

मानसिंगने कपटे एकेक करून टेबलावर मांडले. एकावरही अक्षर नव्हतं. मग त्याने माती बोटांनी चुरली. एका ढेकळाला पिवळी झाक होती, आणि त्यातून ज्वारीची फुललेली लाही निघाली.

"इथं बसून कुणीतरी चिवडा खाल्लाय," कुंडलिक म्हणाला.

"तू गप बस. धोंडाबाईला बोलाव."

धोंडाबाई झाडलोट करायची. ती आली तीच चिडून. "माज्यावर ढकलत्यात! म्हनं, तू झाडलं न्हाईस म्हून वाळवी लागली. पंचमीच्या आदल्या दिशी म्या कपाट पुसलंय. वही धड व्हती. त्याला आज आठ-धा दीस झालं."

"कपाटाची किल्ली तुझ्याकडे असते?"

"मला कोन किल्ली देतंय? सोपान उघडतो, तवा पुसते."

"बरं, एक सांग. वारूळ कुणाचं असतं?"

ती बघतच राहिली. "नागोबाचं. धम्म घेतल्यावर आमी पूजा सोडली, पर भ्या सुटतंय व्हय?"

सोपान वाचनालयाचा शिपाई, भाटघरच्या शेतकऱ्याचा पोरगा, आता पन्नाशीचा. किल्ल्या दोन, एक त्याच्याकडे आणि एक चिटणिसांकडे.

"वही कुणी काढली, सोपानराव?"

"म्या न्हाई, सायेब. मला वाचायला येत न्हाई, वही घिऊन काय भाकरीसंगं खाऊ?"

"वारूळ कुणाचं?"

सोपानने कानाच्या पाळ्या धरल्या. "नागोबाचं. त्याला हात लावला तर वंश बुडतो. असलं इचारू नगा."

चिटणीस आनंदराव शाळेत मास्तर होते. इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं.

"दुःख मलाही आहे," ते म्हणाले. "पण मी नक्कल करून ठेवली होती म्हणून बरं. पुस्तक निघेल. संकलन माझ्या नावावर, कारण आता हस्ताक्षर माझंच उरलंय."

"नकलेत सांगणाऱ्यांची नावं आहेत?"

"ती कशाला? वाचकाला गंमत हवी असते. अमक्या कातकरणीचं नाव वाचून तो काय करणार?"

"वारूळ कुणाचं, आनंदराव?"

मास्तर खुलले. "वाळवीचं! नाग वारूळ बांधत नाही, दूधही पीत नाही. दरवर्षी शाळेत घसा कोरडा करतो मी. या लोकांच्या डोक्यात शिरेल तर शपथ."

संध्याकाळी मानसिंगने सगळ्यांना वाचनालयाच्या अध्यक्षांसमोर गोळा केलं. अध्यक्ष वकील होते.

"वाळवी जमिनीतून येते," मानसिंग म्हणाला. "येताना मातीची वाट बांधत येते. इथं फरशीवर माती नाही, खालच्या फळ्यांवर नाही. थेट वर माती. म्हणजे ती माणसाने आणली. आणि वाळवी कोरा कागद तेवढा ठेवून लिहिलेला खात नाही. लिहिलेली पानं आधीच काढून नेली होती."

"माती कुठली?" अध्यक्षांनी विचारलं.

"वारुळाची. तिच्यात हळद आणि लाही आहे. पंचमीला बायका वारुळाला हळद लावतात, लाह्या वाहतात. पंचमीनंतर कुणीतरी तेच वारूळ खरवडलं."

"पण कुणी?" कुंडलिक म्हणाला.

"वाळवीचं सोंग करायला वारुळाची माती हवी, हे कुणाला सुचेल? सोपानला आणि धोंडाबाईला ते नागोबाचं घर वाटतं. त्यांना ते सुचणार नाही आणि ती तिथं हातही लावणार नाहीत. वाळवीचं घर म्हणून ओळखणारा इथं एकच माणूस आहे, आणि त्याच्याकडे किल्ली आहे. आनंदराव, नाग कसा जगतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या घरातल्या बायका वारुळाला काय वाहतात, ते मात्र कधी बघितलं नाहीत. त्या अडाण्यांकडे बघायचं कशाला, नाही का?"

आनंदरावांनी आरोप नाकारला नाही. "पानं बंबात घातली," ते म्हणाले. "बावीस वर्षं नुसतं खरडलेलं बाड मी वाचनीय केलं. या भिमाच्या नावाने छापलं असतं तर कुणी हातात तरी धरलं असतं का?"

"छापलं असतंत तर कळलं असतं, हरामखोर," मानसिंग म्हणाला.

अध्यक्षांनी हात वर केला. "चुकलं त्यांचं. पण लाहीवर आणि तोंडच्या कबुलीवर खटला उभा राहत नाही, हवालदार. आणि पुस्तक निघतंय, हे महत्त्वाचं. प्रस्तावनेत भिमाचे आभार मानू."

सोपान आणि धोंडाबाई खाली मान घालून उभे होते.

"माजं नाव नगं," भिमा म्हणाला. "त्यांची छापा."

"वही जळाली. नावं आणायची कुठून?" अध्यक्ष म्हणाले.

"म्या सांगतो. लिव्हा."

कुंडलिकने पेन्सिल काढली. म्हातारा ताठ बसला.

"ठकुबाई, पाली. कोंडिबा धनगर, वेल्हे. पारूबाई कातकरीन. तिचा नवरा जगन..."

तो सांगत गेला. बारा झाली. सोळा झाली. एकोणिसाव्यानंतर तो थांबला.

"एक बाय व्हती," तो म्हणाला. "घार आली की कोंबडीच्या पिलास्नी काय म्हनायचं, ते तिनंच सांगितलं. हनवटीवर गोंदलेलं. मला बसाय घोंगडं टाकलं व्हतं. तिचं नाव..."

ओठ हलत राहिले. कुंडलिकने विसाचा आकडा घातला आणि पेन्सिल तिथेच टेकवून ठेवली.

आनंदराव उठले. छापखान्याच्या माणसाची उतरायची सोय बघायची होती त्यांना.