नीलगरुडाचं कार्ड

निहारने प्लास्टिकची केस टेबलावर ठेवली आणि लगेच हात मागे घेतला.

"अण्णांनी हे परत दिलं. म्हणतात, मी त्यांना खोटं कार्ड दिलं. संध्याकाळपर्यंत खरं दिलं नाही तर ते पोलिसांत जाणार आहेत."

मैत्रेयीने लॅपटॉप मिटला. बनावट पदव्या आणि अनुभवपत्रं पकडून देणं हे तिचं काम. व्हाइटफील्डमधल्या अर्ध्या कंपन्या तिच्याकडे कागद पाठवायच्या. निहार तिच्याच सोसायटीत राहायचा. पुण्याहून आलेला, कमी बोलणारा. लहानपणापासून जपलेली खेळातली कार्डं हा त्याचा एकच नाद.

केसची पुढची बाजू पारदर्शक होती, पाठ काळी. आत पंख पसरलेला निळा गरुड चमकत होता. हा खेळ कधीच बंद पडला होता. होलोग्रामवाला नीलगरुड मोजक्याच लोकांकडे उरला होता.

तिने कार्ड बाहेर काढलं आणि मागे मोबाइलचा टॉर्च धरला. गरुडाच्या पोटातून पिवळट उजेड आला.

"खऱ्या कार्डाच्या पुठ्ठ्यात मधोमध काळा थर असतो," निहार म्हणाला. "उजेड येतच नाही. हे खोटं आहे, मलाही दिसतंय. पण मी दिलं ते हे नव्हे."

मैत्रेयीने कार्ड तिरकं केलं. खऱ्या कार्डावर तारे कसेही विखुरलेले असतात, असं तो म्हणाला. इथे तीच नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत होती. उजव्या पंखावर एक बारीक पांढरी रेघ होती.

"हा ओरखडा कसला?"

"असाच खऱ्यावर होता. अण्णांच्या घड्याळाचा. त्यांच्या घरी मी कार्ड हातात दिलं, तेव्हाच पडला. त्यांचा चेहरा इतका उतरला, की मी विषयच बदलला."

"त्याआधी नव्हता?"

"अजिबात नाही."

मैत्रेयीने रेघेवरून नख फिरवलं. भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग कार्ड केसमध्ये ठेवून उठली.

"चल, तुझ्या अण्णांना भेटू."

अण्णा, म्हणजे त्रिविक्रम, मूळचे निपाणीचे. रेल्वेतून निवृत्त होऊन देवनहळ्ळीच्या एका नव्या लेआउटमध्ये, प्लॉट पाडलेल्या वसाहतीत, राहत होते. दार उघडलं, पण निहारकडे त्यांनी पाहिलं नाही.

"बसा. खरं सांगालोय, मला ह्याचा राग नाही. लाज वाटालीय. ह्याला मी मुलासारखं घरात घेतलं."

"कार्ड कशासाठी हवं होतं?" मैत्रेयीने विचारलं.

"अद्वैतसाठी. माझा मुलगा. शाळेत असताना त्याचं हेच कार्ड हरवलं. रविवारी जर्मनीहून येतोय. माझ्याकडची दोन जुनी कार्डं देऊन मी हे बदलून घेतलं."

"कार्ड आल्यावर कुठे ठेवलंत?"

"रात्रभर कपाटात. सकाळी नयनाच्या दुकानात दिलं, मल्लेश्वरमला. नव्या केसमध्ये बसवायला. आठवड्याने बोलावून म्हणाली, अण्णा, तुम्हाला फसवलंय. कार्डांतलं तिच्याइतकं कुणाला कळतं?"

"तिथेच लगेच बघितलंत?"

"तिने कार्ड काढून टॉर्च मारून दाखवला. डोळ्यांनी बघितलं मी."

टीपॉयवर दुकानाची कागदी पिशवी पडली होती. तोंडाला चकाकणारं गोल स्टिकर. मैत्रेयीने ते खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं.

"हे घेऊ का मी?"

"घ्या की."

"आणि तुम्हीही चला, अण्णा. पोलिसांकडे जायचंच असेल तर आधी तिच्या दुकानात जाऊ."

नयना काउंटरमागे उभी होती. हसरी, नीटनेटकी. निहारला पाहताच तिचं हसू थोडं आवरलं.

"मी काय सांगणार? कार्ड माझ्याकडे आलं तेव्हाच खोटं होतं."

"कधी लक्षात आलं?" मैत्रेयीने विचारलं.

"आलं त्याच दिवशी."

"मग सांगायला आठवडा का?"

"खात्री करत होते. एखाद्याचं नाव खराब करायचं म्हणजे..."

"बरोबर. खात्री कशी केलीत?"

"टॉर्चने. केस उघडायचीही गरज पडली नाही. या नव्या केसमध्ये बसवलेलं होतं, मागून टॉर्च धरला, आरपार उजेड."

"कार्ड बाहेर काढून बघितलंच नाहीत?"

"नाही. अण्णांना दाखवतानाच काय ते काढलं. उगाच हात कशाला लावायचा?"

मैत्रेयीने केस काउंटरवर उभी धरली, गरुड नयनाकडे. काळी पाठ स्वतःकडे ठेवली. मोबाइलचा टॉर्च लावून तिने तो पाठीला टेकवला.

गरुड अंधारातच राहिला.

"ह्या केसमधून उजेड जात नाही, नयना. कार्ड बाहेर काढल्याशिवाय तुम्हाला हे कळणारच नव्हतं. मग खोटं का बोललात?"

"लक्षात नसेल राहिलं. काढलं असेन."

"असेल. आता हा ओरखडा बघा." तिने कार्ड काढून भिंग नयनासमोर सरकवलं. "खरा ओरखडा नखाला लागतो. हा लागत नाही. भिंगातून बघितलं तर ही रेघ शाईच्या ठिपक्यांची आहे. छापलेली. म्हणजे ज्याने नक्कल केली, त्याच्यासमोर ओरखडा पडलेलं खरं कार्ड होतं. निहारने दिलं तेव्हा त्यावर ओरखडा नव्हता. तो अण्णांच्या घरी पडला. त्यामुळे निहारने आधीच नक्कल करून दिली असणं शक्य नाही."

त्रिविक्रमांनी काउंटरची कड घट्ट धरली.

"त्यानंतर कार्ड दोघांकडेच होतं. अण्णांकडे एक रात्र. तुमच्याकडे आठवडा."

"म्हणजे मी छापलं? माझ्याकडे काय छापखाना आहे?"

"ते मलाही कळत नव्हतं." मैत्रेयीने स्टिकर कार्डाशेजारी ठेवलं आणि दोन्ही एकदम तिरकी केली. दोन्हींवर तेच तारे, त्याच अंतराने, एकाच वेळी उजळले. "एकाच फॉइलचे तुकडे. ही स्टिकरं कुठे बनतात?"

नयनाने काउंटरवरची स्टिकरांची गुंडाळी खणात सरकवली.

"बोम्मसंद्र्याला," त्रिविक्रम हळूच म्हणाले. "हिच्या भावाचा लेबलांचा कारखाना आहे. हिनेच सांगितलं होतं मला."

"स्कॅन करून भावाकडे छापून घेतलंत. हुबेहूब करायच्या नादात ओरखडाही छापला. निहारवर आळ घातला की पुढे कुणी दुकानाकडे बघणार नव्हतं. खरं कार्ड कुठे आहे?"

नयनाने दाराकडे पाहिलं. दारात निहार उभा होता.

"बाहेरच्या एका माणसाला ते विकायचं कबूल केलं होतं," ती म्हणाली. आवाज कोरडा झाला होता. "तो वर्षभर मागे लागला होता. मी निहारकडे तीनदा मागितलं. मला नाही म्हणाला आणि अण्णांना देऊन टाकलं."

आतल्या खोलीतून तिने कुरिअरचा बंद बॉक्स आणला. मैत्रेयीने तो फोडला. गरुड निघाला. तिने मागून टॉर्च धरला. उजेडाचा ठिपकाही आला नाही. रेघेवर नख अडलं.

"पोलिसांना मी फोन करतो," त्रिविक्रम म्हणाले. नयना स्टुलावर बसली आणि तिने डोळे मिटून घेतले.

फोन झाल्यावर ते निहारजवळ गेले.

"मी तुला विचारायला पाहिजे होतं. विचारलंच नाही. सरळ चोर म्हटलं."

"हो, अण्णा."

"रविवारी घरी येशील? अद्वैतला तुझ्या हातानेच दे."

निहारने मैत्रेयीकडून कार्ड घेऊन त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि त्यांची बोटं त्यावर मिटवली.

"तुम्हीच द्या. मी येईन, पण या रविवारी नको. थोडे दिवस जाऊ देत."

त्रिविक्रमांनी मान हलवली. निहार निघाला. तो रस्त्यावरच्या गर्दीत दिसेनासा होईपर्यंत ते दारातच उभे राहिले.