चौथा दगड

बस खिंडीपाशी त्यांना उतरवून धूळ उडवत निघून गेली, तेव्हा ती मनगट कानाला लावून उभी होती.

"काय म्हणतंय?" शेजारून कुणीतरी विचारलं.

"काहीच नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी बंद पडलंय."

"म्हणजे रुसलंय. द्या इकडे."

त्याला ती पहिल्यांदाच बघत होती. सहलीला निघालेल्या चौघांतला एक जण आदल्या दिवशी तापाने आडवा झाला, म्हणून बेकरीवाल्याने आपल्या शेजारच्या दुकानातल्या या घड्याळजीला ऐनवेळी उचलून आणलं होतं. त्याने पाठीवरची पिशवी उतरवली, रुमाल दगडावर पसरला आणि खिशातून बोटभर लांबीची हत्यारं काढली. तिच्या आत्याचं ते चावीचं घड्याळ. त्याच्या बोटांत ते इतकं निवांत पडून होतं, की तिला उगाचच हेवा वाटला.

"चाललं," तो म्हणाला. "फक्त सात मिनिटं मागे आहे. ते इथे नाही जमायचं. दुकानात आणावं लागेल."

"त्यात काय?" तिने बेकरीवाल्याच्या फोनकडे बघितलं, चावी ओढली, काटा पुढे सरकवला. "झालं!"

तो हसला. कान मात्र लाल झाले.

"अगं शहाणे," चढ लागल्यावर शिट्टी तिच्या कानात पुटपुटली, "दुकानात ये, असं म्हणत होता तो!"

शिट्टी म्हणजे तिची कॉलेजपासूनची मैत्रीण. शाळेत खेळ शिकवायची आणि सहलीतही गळ्यातली शिट्टी काढायची नाही. चार दिवस, तीन दऱ्या आणि शिट्टीचे नियम. पहिला नियम असा: सगळ्यांत पुढे चालणाऱ्याने प्रत्येक फाट्यावर, योग्य वाटेच्या तोंडाशी तीन दगडांची चळत रचायची. सगळ्यांत मागे असणाऱ्याने ती मोडायची. गेल्या उन्हाळ्यात कुणाची तरी जुनी चळत बघून दुसरीच मंडळी अर्धा दिवस भलत्या ओढ्यात भटकली होती, म्हणून.

पुढे कोण, हे पहिल्या तासातच ठरलं. घड्याळजीचे पाय त्याच्या काट्यांपेक्षा जलद होते. मागे कोण, हे आधीच ठरलेलं होतं. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची, आणि ओढा दिसला की थर्मामीटर बुडवून वहीत आकडा लिहिल्याशिवाय तिचं पाऊल पुढे पडत नसे. बर्फ वितळून आलेलं पाणी, सहा अंश. पुढचा ओढा, साडेसात. मैत्रिणीने तिचं नावच थर्मामीटर ठेवलं होतं.

त्यामुळे दिवसभर तो पहिला आणि ती शेवटची. मध्ये शिट्टी, बेकरीवाला आणि अख्खी दरी. बोलणं व्हायचं ते दगडांतून.

पहिल्या दिवशी नुसत्या चळती. दुसऱ्या दिवशी एका चळतीच्या डोक्यावर निळं रानफूल. पुढच्या फाट्यावर पक्ष्याचं पीस, छोट्या खड्याखाली दाबलेलं, वाऱ्याने थरथरणारं. ती दगड उचलून लांब भिरकवायची, पण पीस वहीत जायचं. कोणत्या फाट्यावर मिळालं, किती वाजता, सगळं लिहून.

"मोडताना जिवावर येत नाही?" संध्याकाळी तंबूची दोरी ताणताना त्याने विचारलं.

"नियम आहे."

"आणि फूल?"

"फुलाबद्दल नियम नाही," ती म्हणाली आणि घाईघाईने खुंटी ठोकू लागली. खुंटीऐवजी अंगठाच ठोकला गेला. त्याने न विचारता तिचा हात ओढ्यात बुडवला आणि तसाच धरून ठेवला...

"किती अंश?" त्याने विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच.

तिसऱ्या दिवशी उतरत्या उन्हात दोघं भांडी घासत होते. राखेने काळ्या झालेल्या बोटांकडे बघत तो म्हणाला, "मला एक काम आलंय. लांबच्या शहरात. मनोऱ्यावरची मोठी घड्याळं दुरुस्त करायची. सोमवारी कळवायचंय... जाऊ का?"

जाऊ नकोस. एवढेच दोन शब्द होते. पण कुणी प्रश्न विचारला की तिचं डोकं आपोआप फायद्या-तोट्याचे दोन रकाने आखायचं.

"शिकायला मिळेल का?"

"खूप."

"मग... जायला हवं ना?"

"हो. बरोबर आहे," तो म्हणाला आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला लागला.

चौथ्या दिवशी सकाळी, निघण्याआधी, तो तिच्यापाशी आला. पिशवीचा पट्टा उगाचच सैल करत, पुन्हा आवळत.

"आजची शेवटची चळत चार दगडांची असेल. तीन रस्त्याचे. चौथा तुझ्यासाठी." त्याने एकदम वर बघितलं. "ठेवशील?"

"ठेवीन," ती म्हणाली.

तेवढ्यात शिट्टी वाजली. तो पुढे पळालाच.

शेवटचा फाटा बसथांब्याच्या दहा मिनिटं वर होता. चार दगड. सर्वांत वरचा पांढरा, मधून एक तांबडी रेघ गेलेला, अंड्याएवढा. तिने तो दोन्ही हातांनी उचलला. उन्हाने कोमट झाला होता. तिने तो खिशात ठेवला आणि उरलेले तीन नियमाप्रमाणे तीन दिशांना फेकले. एरवीपेक्षा जरा जास्तच लांब.

ती थांब्यावर पोचली, तसा तो उठला. "बाटली विसरलो वर. आलोच."

बाटली त्याच्या पिशवीच्या खिशातच होती. तिने बघितलं आणि हसू दाबलं. जाऊ दे. बघू दे, दगड नाहीये ते.

तो परत आला तो खाली बघत. बसमध्ये बेकरीवाल्याशेजारी बसला आणि खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले. ती दोन रांगा मागे, खिशातल्या दगडावर मूठ आवळून. आपण उत्तर दिलंय, आता पुढचं त्याने बोलायचं... तिने एक तास वाट बघितली, मग दुसरा. तिसऱ्या तासाला वाटलं, चेष्टाच असावी सगळी. शहर आलं. "येतो," तो सगळ्यांना मिळून म्हणाला.

सोमवारी त्याने होकार कळवला. तिला नाही, त्या मनोऱ्यावाल्यांना.

दोन उन्हाळे गेले. दगड प्रयोगशाळेत तिच्या टेबलावर होता, कागद उडू नयेत म्हणून. मग एका दुपारी बेकरीवाला केकची ऑर्डर वहीत लिहिता लिहिता म्हणाला, "घड्याळजीचं लग्न ठरलं बरं का. पुढच्या महिन्यात."

तिने नंबर मागून घेतला. अभिनंदन तर करायलाच हवं.

"थर्मामीटर!" त्याने आवाज लगेच ओळखला. मागे कुठेतरी अजस्र काटा सरकल्याचा ठोका पडला. इकडचं तिकडचं झालं. ती कशी आहे, होणारी बायको? छान आहे, नकाशे काढते, खूप हसते.

"एक विचारू?" तो म्हणाला. "आता काही नाही त्याचं, पण... त्या दिवशी ठेवीन म्हणालीस. मग विचार का बदललास?"

"कुठे बदलला? ठेवलाय की. आत्ता माझ्यासमोर आहे. एकशे बत्तीस ग्रॅम."

पलीकडे पुन्हा एक ठोका पडला.

"मी... चळत म्हणत होतो," तो हळूच म्हणाला. "तशीच ठेवशील का, मोडणार नाहीस ना, असं. एक नियम माझ्यासाठी मोडशील का, एवढंच बघायचं होतं. वर जाऊन बघितलं तर... रिकामी माती."

"मला वाटलं, माझ्यापाशी ठेवायचा."

"ठेवशील..." तो म्हणाला.

"ठेवीन," ती म्हणाली, आणि दोघंही हसले. एकच शब्द, दोघांनी दोन टोकांनी धरलेला. हसता हसता तिचा आवाज फाटला, तेव्हा तिने फोन तोंडापासून जरा लांब धरला.

"विचारायला हवं होतं मी," तो म्हणाला.

"मीही. मी तर ओढ्यांनासुद्धा विचारते." तिने श्वास घेतला. "ती विचारते का? समजलं नाही की?"

"दिवसाला शंभर प्रश्न."

"मग छान होईल तुमचं," ती म्हणाली. आणि ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.

"तो दगड..." तो अडखळला. "फेकून दे आता."

"फेकण्याबद्दल नियम नाही," ती म्हणाली.

तिने फोन ठेवला. मग मनगटावरचं आत्याचं घड्याळ काढलं, चावी ओढली आणि काटा मागे फिरवला. मोजून सात मिनिटं.

तेव्हापासून ती प्रयोगशाळेत रोज उशिरा पोचते. साहेबांनी दोनदा हटकलं, घड्याळ एकदा दुकानात दाखवा म्हणाले.

"दाखवायचं होतं," ती म्हणते. "राहून गेलं."