जलशाच्या भिंतीवरचा चेहरा

"दिवस मावळायच्या आत भिंतीवर चुना फिरणार!" भिवाजी धापा टाकत सांगत आला, आणि चांगुणा ताडकन उठून उभी राहिली.

आता तुम्ही म्हणाल, एका भिंतीचं काय एवढं? तर ऐका. डोंगरकड्याच्या अलीकडच्या त्या वाडीत ग्रामपंचायतीचं कोठार होतं. चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून त्याच्या लांबलचक भिंतीवर बौद्धवाड्यातला जलसा रंगवला होता. ढोलकी, झांजा, उभ्या उभ्या कवनं जुळवणारे गडी, गिरक्या घेणारी पोरं, सगळं. हा जलसा ऐकायला अख्खी वाडी लोटायची, म्हणून रंगवायलाही अख्खी वाडी आली. खाली ज्यानं त्यानं आपलं नाव आपल्याच वळणानं लिहिलं होतं. भिवाजीनं तर आपल्या नावाला शेपूट काढलं होतं.

मधोमध मांडी घालून ढोलकी वाजवत बसला होता जळबा, चांगुणाचा बाप. दुष्काळात खडी फोडायच्या कामावर तो तापानं गेला. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. मायला विचारून विचारून बारा वर्षांच्या चांगुणानं तो चेहरा काढला होता. खरं सांगायचं, तर बाप कसा दिसायचा हे ती विसरत चालली होती आणि त्याची तिला फार भीती वाटायची. भिंतीवर तेवढा तो शिल्लक होता.

आणि रंग वाळतो न वाळतो तोच, गेले पाच दिवस भिंतीवरची माणसं पुसली जात होती! रोज दुपारनंतर बघावं तर कुणाचा हात गायब, कुणाची झांज गायब. बौद्धवाड्यातले लोक म्हणाले, ही गावातल्या पोरांची कामं. गावातली पोरं चिडली. काल तर गचांड्या धरण्यापर्यंत मजल गेली. तेव्हा सरपंच अमृतरावांनी ठरवलं, भिंतच पांढरी केली की भांडण मिटलं. भिंतीला पहिला हात देणारा कळमनुरीचा माणिकराव पेंटर पुन्हा चुन्याचा डबा घेऊन आलाच होता.

तिघं भिंतीकडे पळाली. तिसरी पेमा, पलीकडच्या तांड्यावरची, त्यांच्याच वर्गातली. पाहतात तर जळबाचं कपाळ आणि एक डोळा गेलेला; कालच्या भांडणात ते कुणी पाहिलंच नव्हतं. चांगुणा मटकन खाली बसली आणि रडायला लागली. एरवी कशावरही विनोद करणारा भिवाजी पायानं माती उकरत उभा राहिला.

पेमाचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. पुसलेलं होतं ते सगळं खालच्या अंगाला, वरच्या माणसांना धक्का नाही. पायथ्याशी बकऱ्यांच्या लेंड्या. तिनं पुढे होऊन भिंतीला सरळ जीभ लावली!

"खारट हाय," ती म्हणाली. "बकऱ्या चाटून राहिल्या."

तर असं होतं! भिंतीचा चुना कपड्याला लागू नये म्हणून माणिकराव घरोघरी चुन्यात मूठ-मूठ मीठ घालायचा. घरात ते खपून जायचं. पण ही भिंत पडली उघड्यावर. दुपारी बकऱ्या सोडल्या की त्यांना हे आयतंच ताट.

तिघं धावत अमृतरावांकडे गेली. ते लिंबाखाली बाजेवर आडवे होते. शेजारी त्यांच्याच चार बकऱ्या बांधलेल्या, अजून सोडायच्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि कूस बदलली. बकऱ्या चित्रं पुसतात म्हणे! पोरांच्या सांगण्यावरून ते उन्हात यायला तयार नव्हते. माणिकराव तर डबा ढवळता ढवळता म्हणाला, आपण मीठ घातलंच नाही. चक्क खोटं!

आता काय करावं? चांगुणा एकटीच भिंतीकडे पळत गेली. खरं दाखवायचं तर भिंतीचा तुकडाच हवा होता, आणि बाकी गिलावा घट्ट होता. चाटून चाटून सैल झाली होती ती एकच जागा, जळबाचा गाल. तिचा हात पुढे होईना. मागून येणाऱ्या माणिकरावाच्या डब्याची कडी वाजली. तिनं डोळे गच्च मिटले, नखं रोवली आणि पोपडा ओढला. उरलेला डोळाही त्याच्याबरोबर निघून आला.

तो ओंजळीत घेऊन ती बाजेपाशी आली, मागोमाग माणिकरावही आला, आणि तिनं तो बकऱ्यांपुढे ठेवला. चारही बकऱ्या दावं ताणून तुटून पडल्या. बघता बघता रंग नाहीसा झाला आणि पांढऱ्या बकरीची दाढी गेरूनं लाल झाली.

अमृतराव उठून बसले. "माणिकराव, मीठ घातलं का न्हाई?"

"सवयीनं पडलं, सरपंच," पेंटर खाली मान घालून म्हणाला. "समद्या घरी घालतो."

अमृतरावांनी डबा बाजूला ठेवायला लावला आणि भर उन्हात भिंतीपाशी दोन्हीकडच्या माणसांना बोलावलं.

"चोर माझ्याच दावणीला होता, आन् मी भिंत पुसून राहिलो होतो," ते म्हणाले. "उद्या कुणाचं डोस्कं फुटलं असतं. ह्या लेकरांनी वाचवलं आपल्याला."

सगळे पोरांची पाठ थोपटायला लागले. पण चांगुणा जळबाच्या जागी उरलेल्या मातीकडे बघत होती. "मला आता बा आठवतच न्हाई," ती म्हणाली. 

मग काल भांडायला आलेलं गावातलं एक पोरगं पुढे आलं. जळबाच्या भुवया जुळलेल्या होत्या, त्याला पक्कं आठवत होतं. दुसरा म्हणाला, समोरचा दात थोडा पुढे होता. तिसऱ्यानं सांगितलं, ताल चढला की त्याची मान डावीकडे कलायची. अमृतरावांनाही त्याच्या कानावरचा तीळ आठवला. माणिकरावानं मुकाट्यानं गिलावा नीट केला आणि तो वाळल्यावर मिठाऐवजी डिंक घालून रंग कालवला. लोक सांगत गेले, चांगुणा काढत गेली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तिची माय रुक्माबाई सरपणाची मोळी घेऊन त्या वाटेनं आली. भिंतीसमोर थबकली. मोळी खाली टाकली आणि नवरा दिसल्यावर ओढायची, तसा पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला.