वाटीवरचं नाव

मीनाने पोह्यांचा डबा फळीवर शोधला, ओट्याखाली शोधला, शेवटी स्टुलावर चढून माळाही धुंडाळला... नव्हता! गेल्या आठवड्यात तांब्या गेला, मग झाकणाचं पातेलं, आणि आज डबा. चोर काही एकेक भांडं करून नेत नाही, एवढं तिला कळत होतं. आणि जे जे गेलं त्या प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी एकच नाव कोरलेलं होतं, हेही कळत होतं... सौ. शालन!

शालन म्हणजे नंदकुमारची पहिली बायको. त्यांची लेक श्रुती दोन वर्षांची असताना ती तापाने गेली. मीनाचं लग्न झालं तेच पस्तिशीला टेकताना, कारण वडलांच्या मागे दोन धाकट्या बहिणींना उजवता उजवता तिचं वय निघून गेलं आणि आईने तिच्यासाठी जमवलेली भांडीसुद्धा त्यांच्याच रुखवतात गेली. "असू दे गं, मला कुठे लागतायत!" असं हसत म्हणणारी हीच ती मीना, नेरूळच्या या दोन खोल्यांत रिकाम्या हातांनी आली, आणि पहिला चहा ठेवायला पातेलं उचललं तर काठावर सवतीचं नाव!

तीन वर्षं! तीन वर्षं ती सवतीच्या परातीत कणीक मळत होती, सवतीच्या ताटात जेवत होती. नवरा चांगला, कधी आवाज चढवला नाही. पण शालनचा शब्दही त्याने कधी काढला नाही, आणि मीनानेही विचारलं नाही, कारण तीही काही कमी नव्हती... रडायचं झालं तर बाथरूमचा नळ सोडून रडणारी! त्या मुक्या घरात एक मत्सर तेवढा आतल्या आत खदखदत होता. मेलेल्या बाईवर जळतेस, लाज नाही वाटत? असं ती स्वतःलाच बोलायची, आणि दुपारी घरात कुणी नसताना तारेची घासणी घेऊन ती अक्षरं खसाखसा घासायची. अक्षरं हलायची नाहीत, नुसते ओरखडे उठायचे.

ते ओरखडे त्याने पाहिले असणार! म्हणूनच लपवतोय... माझ्या हातांपासून तिला वाचवतोय!

शाळेतून आलेली श्रुती "मावशी, माझी वाटी कुठाय?" करत स्वयंपाकघरभर फिरली. ती वाटीही शालनच्याच नावाची; त्या नावावर बोट फिरवत पोरगी पहिली अक्षरं शिकली होती. म्हणजे वाटीही नेली! मीनाच्या अंगाचा तिळपापड झाला.

संध्याकाळी नंदकुमार महाप्याच्या कारखान्यातून आला तो जड पिशवी घेऊन. त्याने चप्पल काढायच्या आत मीना पुढ्यात उभी राहिली.

"कुठे ठेवलीत तिची भांडी?"

तो वाकून चपलेचा पट्टा सोडवू लागला.

"बोला ना! एवढा जीव होता तिच्यावर, तर मला कशाला आणलंत? तिची पोर सांभाळायला? एक वाटी... एक वाटीसुद्धा माझी नाहीये हो या घरात!"

नंदकुमारने पिशवी हळूच फरशीवर रिकामी केली. तांब्या, पातेलं, डबा... सगळं लख्ख! मीनाने पातेल्याच्या काठावरून बोट फिरवलं. नाव नव्हतं.

"जेवणाच्या सुट्टीत पॉलिशच्या चाकावर धरत होतो," तो खाली बघत म्हणाला. "तू घासतेस ते बघितलं मी. मला बोलता येत नाही, मीना. म्हटलं, सगळी कोरी करू, तुझं नाव घालून आणू... मग तरी तू माझ्याशी बोलशील."

जिंकली होती ती! मग तिला आनंद कसा होईना? तिकडे श्रुती डबा चाचपत होती. "पप्पा, आईचं नाव कुठे गेलं?"

त्याने शर्टाच्या खिशातून वाटी काढली. "ही तेवढी राहिली. तीनदा चाकाशी नेली... हात चालेना. तू म्हणशील तर उद्या..."

"खबरदार!" मीनाने वाटी हिसकावून उराशी धरली. "जळत होते मी, हो, जळत होते म्हणून घासत होते! पण तुम्ही एकदा तरी सांगायचं होतं, शालन अशी होती, तशी होती... मी ऐकलं असतं हो!"

"शालन..." इतक्या वर्षांनी ते नाव त्याच्या तोंडून निघालं आणि तो भिंतीला टेकून ढसाढसा रडू लागला. "फार बडबडी होती गं. मला बोलायची सवयच लागली नाही."

रविवारी तिघं सगळी भांडी घेऊन वाशीला गेली. दुकानदाराने कोरायची मशीन हातात घेतली. "काय नाव घालू?"

"सौ. शालन," मीना म्हणाली.

"आणि त्याच्याखाली सौ. मीना," नंदकुमार पटकन म्हणाला. "सगळ्यांवर. या वाटीवरपण."

"वाटीवर जागा कुठाय साहेब?"

"बघा बसवून," मीना म्हणाली. "थोडं सरकून बसतील दोघी."

घरी आल्यावर श्रुतीने वाटीतलं वरण संपवलं आणि सवयीने बोट फिरवलं. आधी वरच्या नावावरून, मग खालच्या.

"आई, तुझं नाव टोचतंय."

आई! मीनाचा घास हातातच राहिला.

"नवीन आहे ना, बाळा... घासून घासून होईल गुळगुळीत," ती कशीबशी म्हणाली, आणि बाथरूमकडे न जाता, तिथेच ताटावर बसून, दोघांच्या देखत रडली.